अपघाताचा क्लेम टाकायचाय. वकील लावल्यावर पुढं काय काय होतं?

दुधनाकाठ (परभणी)
नमस्कार मंडळी. इथं पहिल्यांदाच लिहायलोय. माझा थोरला भाऊ सेंट्रिंगचं काम करतो, वय ३४. पोळ्याच्या आदल्या दिवशी मानवतहून मोटारसायकलवर घरी यायला होता, मागून पिकअपनं उडवलं. उजव्या मांडीचं हाड मोडलं, आत रॉड टाकलाय. आता दोन महिने होत आलेत पण गुडघा पुरता वाकत नाही. दवाखान्याचं बिल २ लाख ३४ हजार झालं. वहिनीचं सोनं गहाण ठेवलं, वरून बचत गटाचं कर्ज.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी एक माणूस आला. "आम्ही सगळं बघतो, पैसे क्लेम मिळाल्यावर द्या" म्हणाला आणि चार कागदांवर भावाच्या सह्या घेऊन गेला. त्यातले दोन कागद कोरे होते. आता तो फोन उचलंना. इकडं पिकअपच्या मालकानं गावातल्या एकाकडून निरोप धाडलाय, ६० हजार घ्या आणि मिटवून टाका. आई म्हणती घेऊन टाका, कोर्टाचं कुणाला निस्तरतंय.

किती दिवस लागतात? वकील किती घेतात? त्या सह्यांचं काय करू? ज्यांनी हे भोगलंय त्यांनी सांगावं.

तिफण (जिंतूर)
मालकाच्या माणसाला काहीही लिहून देऊ नका. तोंडी हो पण म्हणू नका. बाकीचं जाणकार सांगतील.

काळाकोट (लातूर)
मी वकील आहे, क्लेमचीच कामं करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दुधनाकाठ, तुमच्याकडं सगळ्यात आधी वेळ मोजायची गोष्ट आहे. १ एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन कायद्यात कलम १६६(३) लागू झालंय. अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करायचा. या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर तुम्ही बसू नका. तुमचे दोन महिने गेले. चार उरलेत.

दावा चालतो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे जिल्हा न्यायालयाच्या आवारातच. अपघात जिथं झाला तिथं, तुम्ही राहता तिथं किंवा समोरचा राहतो तिथं, यातलं कुठलंही ठिकाण निवडता येतं. त्यामुळं "मुंबईत टाकू, तिकडं जास्त मिळतं" असं कुणी म्हणालं तर त्याला आधी विचारा, साक्षीला भावाला मुंबईला कोण नेणार?

पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. ठाण्यात जाऊन तपास अंमलदाराला विचारा, ते गेलेत का. एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, जखम प्रमाणपत्र, गाडीचं आरसी, विमा पॉलिसी, ड्रायव्हरचं लायसन, हे सगळं त्या अहवालाबरोबर येतं. फिर्यादीला एफआयआरची प्रत फुकट द्यायची असते. पिकअपचा विमा चालू होता का, ते गाडी नंबर टाकून एम-परिवहन अ‍ॅपवर आजच बघा.

आता सह्या. वकीलपत्र कधीही काढून घेता येतं. नवीन वकील लावा, जुन्याला रजिस्टर पोस्टानं लेखी कळवा की वकीलपत्र रद्द केलंय आणि कोऱ्या कागदांवरच्या सह्या वापरू नयेत. फीसाठी वकिलाला पक्षकाराची कागदं अडवून ठेवता येत नाहीत, हे सुप्रीम कोर्टानं २००० सालीच सांगितलंय. आणि कोर्टात चौकशी करा, भावाच्या नावानं आधीच एखादा दावा पडलाय का. दोन ठिकाणी दोन दावे निघाले तर विमा कंपनी त्याचंच भांडवल करती.

सिस्टरआक्का (नांदेड)
मी अस्थिरोग वॉर्डात बावीस वर्षं काढली. माझं म्हणणं फक्त कागदांपुरतं.

एक जाड पिशवी घ्या आणि ती घरात एकाच माणसाच्या ताब्यात ठेवा. डिस्चार्ज कार्ड, बिलं, औषधांच्या पावत्या, सगळं मूळ. झेरॉक्सवर पैसे मंजूर होत नाहीत. मेडिकलच्या पावतीची शाई सहा महिन्यांत उडती, म्हणून मिळाल्या मिळाल्या फोटो काढून ठेवा. एक्स-रेची फिल्म दुमडू नका. आणलेल्या रिक्षाचे, अँब्युलन्सचे पैसेसुद्धा लिहून घ्या. पेशंटजवळ थांबायला घरातल्या कुणाची मजुरी बुडाली तर तेही मागता येतं, हे लोकांना माहीतच नसतं.

आणि दवाखान्यात दाखल करताना एमएलसी (म्हणजे पोलीस केस म्हणून) नोंद झाली होती का, त्याचा नंबर काय, हे आजच शोधा. बऱ्याच जणांच्या केसपेपरवर घाईत "पडून लागले" एवढंच लिहिलेलं असतं. नंतर विमावाले तोच कागद पुढं करून म्हणतात, हा तर घरात पडला.

दुधनाकाठ
आक्का, तुम्ही म्हणालात म्हणून आत्ता बघितलं. केसपेपरवर "आरटीए" लिहिलंय आणि एमएलसी नंबर आहे. एफआयआर दुसऱ्या दिवशीची आहे. उशीर झाला म्हणून अडचण येईल का?

काळाकोट (लातूर)
आरटीए म्हणजे रस्ता अपघात. छान झालं. माणूस ऑपरेशन टेबलावर असताना घरच्यांनी एक दिवस उशिरा फिर्याद दिली, तर तेवढ्यावरून दावा फेटाळला जात नाही. कारण मात्र साक्षीत सरळ सांगा.

उसाचाफड (बीड)
विषय निघालाच हाय तर आमचं बी सांगतो. आमच्या तांड्यावरचे लोक कारखान्याला जाताना ट्रॅक्टरची मागची ट्रॉली उलटली. मपला चुलतभाऊ कमरेतून गेला. विमा कंपनी म्हणली, ट्रॅक्टर शेतीकामाच्या पॉलिसीवर हाय, ट्रॉलीचा येगळा विमा न्हाई, आन ट्रॉलीत माणसं बसवायची परवानगीच न्हाई. मालकाकडं दोन एकर कोरडवाहू. आता घ्यायचं कुणाकडून?

दरवर्षी दसरा झाला की हजारो कुटुंबं अशीच ट्रॉलीत बसून निघतात, लेकराबाळांसकट, भांडीकुंडी, शेरडं सगळं वर. ह्या गोष्टीचा कुणाला राग येत न्हाई, ह्याचाच मला राग येतो.

काळाकोट (लातूर)
उसाचाफड, तुमचा राग अगदी बरोबर आहे. ट्रॉलीतल्या माणसांचे दावे सगळ्यात अवघड. तरी दोन दारं आहेत. एक म्हणजे पॉलिसीत मजुरांसाठी जादा प्रीमियम भरला होता का ते पॉलिसीची पूर्ण प्रत मागवून बघा. पहिल्या पानावर ते दिसत नाही. दुसरं, तो मजूर कामावर जात होता हे सिद्ध होत असेल तर कर्मचारी भरपाईच्या कायद्याखाली मालकावर दावा करता येतो. मोटार कायदा किंवा तो कायदा, दोन्हीपैकी एकच निवडता येतो. मुकादमानं दिलेल्या उचलीची चिठ्ठी असेल तर ती जपा, नातं त्यातूनच सिद्ध होतं.

उसाचाफड (बीड)
उचलीची चिठ्ठी हाय. वकीलसाहेब, धन्यवाद. उद्या पॉलिसीचं बघतो.

कापूसवेचणी (जालना)
आमच्या वडिलांच्या वेळी आम्हाला दुसरं काहीच माहीत नव्हतं, पण कृषी सहायकानं सांगितलं म्हणून गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदानाचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडं केला होता. मृत्यू झाला तर २ लाख, एक हात किंवा पाय किंवा डोळा कायमचा गेला तर १ लाख. सातबारा असणाऱ्या घरातल्या सगळ्यांनी हे लक्षात ठेवा.

मोंढानाका (छ. संभाजीनगर)
आता खरा मुद्दा. वकील किती घेतात? भावाच्या केसमध्ये आमच्याकडून २५ टक्के घेतले. ९ लाख मंजूर झाले, त्यातले सव्वादोन लाख तिकडंच. वरून टायपिंग, झेरॉक्स, डॉक्टरच्या साक्षीचे पैसे वेगळे. ज्याचा पाय मोडला त्याला शेवटी काय उरलं?

काळाकोट (लातूर)
बार कौन्सिलच्या नियमानुसार निकालावर अवलंबून टक्केवारीची फी ठरवायला वकिलाला मनाई आहे. मी ठरावीक फी घेतो, तीन हप्त्यांत. पहिला दाखल करताना, दुसरा पुराव्याच्या वेळी, तिसरा निकालानंतर. कुणाकडंही जा, फी किती आणि त्यात काय काय आलं ते पहिल्या दिवशी कागदावर घ्या. आणि ब्लँक चेक कुणालाच देऊ नका.

गिरणारोड (हिंगोली)
वकीलसाहेब, तुमचा आदर ठेवून सांगतो, नियम सांगायला सोपा आहे. माझ्या बहिणीकडं पहिल्या हप्त्याचे पाच हजारपण नव्हते. तिचा नवरा गेला होता आणि पदरात दोन लेकरं. टक्केवारीवाल्या वकिलानंच केस घेतली, चार वर्षं स्वतःच्या खिशातून चालवली, आणि तिला आज महिन्याला व्याज येतंय. तो वकील उभा राहिला नसता तर तिला काहीच मिळालं नसतं. टक्के घेतले म्हणून मी त्याला वाईट म्हणणार नाही.

मोंढानाका (छ. संभाजीनगर)
चार वर्षं मनापासून चालवली असेल तर माझंही म्हणणं नाही. आमचा वकील साक्षीच्या दिवशीसुद्धा आला नाही, ज्युनिअरला पाठवलं. त्या पोराला भावाचं नावसुद्धा नीट माहीत नव्हतं.

काळाकोट (लातूर)
गिरणारोड, तुमच्या बहिणीला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं की स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस प्रत्येक जिल्हा न्यायालयात असतं. अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना आणि दिव्यांगांनाही तो हक्क आहे. तिथले सगळेच वकील कच्चे असतात, असं समजू नका. मी स्वतः सुरुवातीची कित्येक वर्षं त्या यादीवर होतो.

आबोली (धाराशिव)
मी स्वतः साक्षीला उभी राहिलेली आहे म्हणून तेवढंच सांगते, कारण त्याबद्दल कुणी सांगत नाही.

तुळजापूर रोडला माझा अपघात झाला. डावा हात कोपरात आखडला. मी शिवणकाम करते. दावा टाकल्यावर पहिलं दीड वर्ष काहीच घडलं नाही. समोरच्याला नोटीस बजावली जात नव्हती, मग विमा कंपनीचं म्हणणं दाखल व्हायचं होतं, मग न्यायाधीश साहेबांची बदली. दर तारखेला जायची गरज नसते, हे मला उशिरा कळलं. मी मात्र रोजगार बुडवून प्रत्येक वेळी जाऊन बाकावर बसायची.

साक्षीच्या दिवशी आपलं सरतपासाचं शपथपत्र (म्हणजे आपली लेखी साक्ष) आधीच दिलेलं असतं. ते इंग्रजीत होतं. मी सांगितलं, मला मराठीत वाचून दाखवल्याशिवाय सही करणार नाही. त्यात माझी कमाई वाढवून लिहिली होती, ती मी खोडायला लावली. मग विमा कंपनीच्या वकिलांनी उलटतपास घेतला. "तुम्ही रस्त्याच्या मधोमध चालत होता." "तुमचा हात आता पूर्ण बरा आहे." "तुम्ही आजही शिवणकाम करता." पहिल्या दोन्हीला मी म्हणाले, हे म्हणणं खरं नाही. तिसऱ्याला म्हणाले, करते, पण पूर्वी दिवसाला सहा ब्लाउज व्हायचे, आता दोन होतात. साहेबांनी तेवढं वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. निकालात तेच वाक्य आलं.

खरं बोलले म्हणून माझं नुकसान झालं नाही, उलट त्याच एका उत्तरावर भरपाई ठरली.

सिस्टरआक्का (नांदेड)
आबोली, तुझी पोस्ट दोनदा वाचली बाई. सहाचे दोन. कुठलंच सर्टिफिकेट हे सांगत नाही.

फाटकतळ
एक आयडिया देतो. आमच्या पाहुण्याला ठोकून गाडी पळून गेली होती, नंबर मिळाला नाही. एकानं विमा असलेली दुसरी गाडी लावून दिली, क्लेम बसला. तुमच्याकडं विमा नसेल निघाला तर असं करता येतं.

काळाकोट (लातूर)
फाटकतळ, असलं इथं सुचवू नका. गाडी लावणं हा गुन्हा आहे. गाडीमालक, साक्षीदार, जखमी, सगळे आरोपी होतात आणि मिळालेले पैसे व्याजासकट परत जातात. कंपन्या आता टोलचं फुटेज आणि मोबाइलचं लोकेशन मागवतात. त्यापायी खऱ्या जखमी माणसाकडंही संशयानं बघितलं जातं.

गाडी पळून गेली असेल तर त्याला कायद्यात सरळ रस्ता आहे. हिट अँड रन योजनेत मृत्यूला २ लाख आणि गंभीर जखमेला ५० हजार, अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदाराकडं. रक्कम कमी आहे, पण ती तुमच्या हक्काची आहे.

तिफण (जिंतूर)
+१. खोटं करू नका मंडळी.

दुधनाकाठ
पिकअपचा विमा चालू निघाला! अ‍ॅपवर दिसतोय, मार्चपर्यंत आहे. काल मालकाच्या माणसाला सांगितलं, जे व्हायचं ते कोर्टात होईल. तो म्हणाला, कंपनी स्वतःहून अडीच लाख देती, तेवढ्यावर सही करा. हे खरंय का? आणि अंदाजे किती मिळू शकतं? भाऊ दिवसाला सातशे कमवायचा, पण पगारपत्रक वगैरे काही नाही.

काळाकोट (लातूर)
अडीच लाखांची गोष्ट खरी आहे आणि म्हणूनच जपून. कलम १६४ खाली चूक कुणाची हे न बघता गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख मिळतात. पण ते स्वीकारले की कलम १६६ खालचा दावा संपतो. ज्याची चूक स्वतःचीच होती किंवा ज्याला साक्षीदार नाही, त्याच्यासाठी ते ठीक आहे. मागून ठोकर बसलेल्या ३४ वर्षांच्या मिस्त्रीनं ते का घ्यावं?

हिशोब कसा होतो ते दाखवतो. हे गणित कोर्टाचं आहे, निकालाची हमी नाही.

पगारपत्रक नसल्यानं समजा कोर्टानं महिना १५ हजार धरले. वर्षाचे १ लाख ८० हजार. वय ४० च्या आत आणि हातावरचं काम, म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवले की २ लाख ५२ हजार. ३१ ते ३५ वयाला गुणक (वर्षाच्या कमाईला गुणायचा ठरलेला आकडा) १६. झाले ४० लाख ३२ हजार. आता याला गुणायचं कमावण्याची ताकद किती टक्के गेली त्यानं. १५ टक्के धरली तर ६ लाख ४ हजार ८००. ४० टक्के धरली तर १६ लाख १२ हजार ८००. दवाखान्याचा खर्च, वेदना, बुडालेली मजुरी, पुढचं ऑपरेशन, हे त्याच्यावर वेगळं. आणि दावा दाखल केल्यापासूनचं व्याज.

बघा, त्या टक्केवारीवर दहा लाखांचा फरक पडतो. सिव्हिल हॉस्पिटलचं प्रमाणपत्र म्हणेल "पायाचं अपंगत्व ३० टक्के". पण पायाचं म्हणजे पूर्ण शरीराचं नव्हे, आणि शरीराचं म्हणजे कमाईचं नव्हे. सुप्रीम कोर्टानं राज कुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालात हे नीट उलगडून सांगितलंय. कारकुनाचा गुडघा आखडला तर त्याची नोकरी राहती. सेंट्रिंगवाल्याला परांचीवर चढायचं असतं, बल्लीवर तोल सांभाळायचा असतो, उकिडवं बसून खिळे मारायचे असतात. हे डॉक्टरनं आणि भावानं साक्षीत सांगितलं तरच कोर्टाला कळतं. म्हणून ज्या डॉक्टरनं प्रमाणपत्र दिलं त्याची साक्ष व्हायला पाहिजे. नुसता कागद लावला आणि त्याला निशाणीच (कोर्टाचा पुराव्याचा नंबर) पडली नाही, तर उपयोग नाही. तुमच्या वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा, "डॉक्टरला बोलावणार का?" त्याच्या उत्तरावरून माणूस कळतो.

कमाईसाठी ठेकेदाराची वही, बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी असेल तर ते कार्ड, फोनपेवर आलेली मजुरी, सगळं काढा.

दुधनाकाठ
बांधकाम कामगार कार्ड आहे! भांड्यांचा संच मिळाला होता त्या वेळी काढलं होतं. आणि ठेकेदार दर शनिवारी फोनपेवर टाकायचा.

मोंढानाका (छ. संभाजीनगर)
मग तुमचं काम बरंच सोपं झालं भाऊ. आमच्याकडं यातलं काहीच नव्हतं, कोर्टानं महिना आठ हजार धरले.

खंडोबाचीवाट (लोहा)
लोकअदालतीबद्दल कुणी बोललं नाही. आमची केस तिथं एका दिवसात मिटली.

गिरणारोड (हिंगोली)
मिटली, पण कितीत? तिथं झालेल्या निकालावर अपील नसतं. पुरावा व्हायच्या आधी गेलात तर कंपनी कमीच बोलती.

खंडोबाचीवाट (लोहा)
११ लाख मागितले होते, साडेसात लाखांत मिटलं. वडील थकलेले, त्यांच्या डोळ्यांदेखत पैसे आले. निकाल लागला असता तरी कंपनी औरंगाबाद खंडपीठात अपिलात गेली असती आणि आणखी तीन-चार वर्षं गेली असती. मला पश्चात्ताप नाही. घरची निकड बघून ठरवावं.

काळाकोट (लातूर)
दोघांचंही बरोबर आहे. माझा रिवाज असा की जखमीची आणि डॉक्टरची साक्ष झाल्यावर मगच लोकअदालतीत बसायचं. तोवर कंपनीलाही कळलेलं असतं की केस कितीची आहे.

आणखी एक, निकाल लागला की सगळे पैसे हातात येतील असं धरू नका. काही रक्कम न्यायाधिकरण राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवायला लावतं. पैसे थेट जखमीच्या खात्यात मागा, दुसऱ्या कुणाच्या नाही.

आबोली (धाराशिव)
माझ्या ठेवीचं व्याज दर तिमाहीला येतं. त्यावर मुलीची फी भरते.

दुधनाकाठ
मंडळी, दीड महिन्यानं येतोय. सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं.

जुन्या वकिलाला रजिस्टर पत्र धाडलं. आठ दिवसांनी त्याच्या ऑफिसातून फोन आला, कागद घेऊन जा म्हणून. कोरे कागद माझ्यासमोर फाडले. इथंच परभणीला एक वकीलताई मिळाल्या. पहिल्या भेटीत मी तोच प्रश्न विचारला, डॉक्टरला बोलावणार का. त्या म्हणाल्या, "बोलवावंच लागतं, त्याशिवाय मी केसच घेत नाही." फी ठरवून कागदावर घेतली. गेल्या सोमवारी दावा दाखल झाला, नंबर पडला. कंपनीला नोटीस निघालीय, पुढची तारीख जानेवारीत. ताई म्हणाल्या तीन वर्षं धरून चाला, लवकर झालं तर आनंद. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आत्ताच काढायचं नाही, उपचार पूर्ण झाल्यावर काढायचं.

आईला ते ४० लाख ३२ हजारांचं गणित मांडून दाखवलं. आई म्हणाली, एवढा मोठा आकडा मला नको, त्याचा पाय किती गेला ते त्यांना नीट सांगा.

सिस्टरआक्का (नांदेड)
दावा दाखल झाला ते बरं झालं. गुडघा आता किती वाकतो? फिजिओ चालू आहे ना? केसच्या नादात व्यायाम बंद करू नका. पुष्कळ जण करतात, आणि मग पाय तसाच राहतो.

दुधनाकाठ
चालू आहे आक्का. दररोज सकाळी ओट्यावर बसवून मी स्वतः करून घेतो. साठ अंशांवर होता, आता ऐंशीपर्यंत जातो. काल पहिल्यांदा काठी न घेता पाराजवळ जाऊन आला. फिजिओच्या पावत्या तुमच्या सांगण्याप्रमाणं पिशवीत तारीखवार लावल्यात, पिशवी वहिनीकडं आहे.